हर्णैचे तीन दिवस आणि अडकलेला चाकू

सोमवारी सकाळी कोथरूडच्या घरी घडीचा चाकू बेसिनमध्ये धरला आणि बिजागरीवर गरम पाणी सोडलं, तर आतून चहाच्या रंगाचं पाणी निघालं. पातं वरून अजून चकचकीत होतं. तीन दिवस मी त्या पात्यालाच पुसत बसलो होतो.

शुक्रवारी पहाटे चारला मी आणि मेहुणा समुद्रावर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, चांदणी चौकातून निघालो. ताम्हिणी उतरून विळ्याला चहा, मग माणगाव, मंडणगड, दापोली करत हर्णै. थांबत थांबत सहा तास लागले. घाटात धुकं असेल तर आणखी धरा.

दिवस मुद्दाम षष्ठीचा निवडला होता. भरतीच्या वेळेचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. षष्ठी म्हणजे साडेचार, सप्तमी म्हणजे सव्वापाच. थोडं मागेपुढे होतं, पण जेवणाची वेळ ठरवायला पुरतं. शिवाय हे दिवस भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे; पाण्याला उधाणासारखी ओढ नसते. खडकावर नवखा माणूस सोबत असेल तर हेच दिवस धरा. मेहुणा नवखा होता आणि पायात गुळगुळीत तळाची सँडल घालून आला होता. त्यावर जास्त बोलत नाही, घरचा मामला आहे.

आता चाकू. साडेतीन इंची पातं, अंगठ्याने उघडणारा, आत पत्र्याची पट्टी सरकून खटका बसणारा. पोलाद डी-टू. सिंहगडावर, भोरला, घरात दोन वर्षं उत्तम चालला होता. डी-टूमध्ये बारा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं, म्हणून मी त्याला जवळजवळ स्टेनलेस समजत होतो. पण त्यात कार्बनही दीड टक्का असतो आणि तो बरंचसं क्रोमियम स्वतःशी बांधून ठेवतो. गंज अडवायला उरतं ते कमी. गोड्या पाण्यात हे कळत नाही. समुद्राच्या पाण्यात, जिथे लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ असतं, तिथे एका रात्रीत कळतं.

पहिल्या संध्याकाळी काहीच झालं नाही. आमिषाची कोळंबी कापली, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तोडला, एक हातभर तांबोशी साफ केली. चाकू शर्टाला पुसला आणि खिशात टाकला. शनिवारी सकाळी बिजागरीपाशी मोहरीएवढे तीन नारिंगी ठिपके दिसले. नखाने खरवडले, गेले. मी खूश.

सव्वापाचच्या भरतीला मेहुण्याच्या गळाला मोठा शेंगाळा लागला. रिळाची दोरी खडकाच्या कपारीत अडकली, मासा फडफडतोय, मी एका हाताने दोरी धरलेली. दुसऱ्या हाताने चाकू काढला. हात बुळबुळीत, अंगठा पातं उघडायच्या खुंटीवरून दोनदा घसरला. तिसऱ्यांदा पातं उघडलं, पण खटक्याचा 'टक्' आवाज आलाच नाही. दोरीवर जोर दिला आणि पातं उलटं मिटलं. हातमोजा होता म्हणून तर्जनीवर नुसती रेघ उमटली. कातडं सोललं, बोट राहिलं.

रात्री बॅटरीच्या उजेडात बघितलं तर पट्टी जिथे पात्याच्या टाचेला टेकते, तिथे वाळू, खवले आणि मीठ यांचा लगदा बसला होता. पट्टी जेमतेम केसभर टेकत होती. गंजही उघड्या पात्यापेक्षा आतच जास्त होता. त्याचं कारण आहे. स्टेनलेसवरचा क्रोमियमचा पातळ थर हवेतल्या ऑक्सिजनमुळे पुन्हा पुन्हा भरून येतो. फटीत खारं पाणी साचून राहिलं की ऑक्सिजन पोचत नाही, मीठ तो थर फोडत राहतं. आणि मीठ हवेतून ओल ओढतं, त्यामुळे खिशात सुकल्यासारखा वाटणारा चाकू आतून ओलाच असतो.

शेजारच्या खडकावर एक काका गरवत होते. त्यांनी चाकू हातात घेतला, दोनदा उघडमीट केली आणि विचारलं, "ह्याला बिजागरी कशाला? दार आहे काय ते?" त्यांची सुरी म्हणजे करवतीच्या जुन्या पात्याला घासून केलेली धार, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी. काळीकुट्ट, गंजलेली. रोज वाळूने घासतात. मिटण्यासारखं तिच्यात काही नाहीच.

तेव्हा जाणाऱ्यांनी मुख्य कामाला सरळ, न मिटणारी सुरी न्यावी. मी परतताना दापोलीत अडीचशे रुपयांची घेतली. घडीचा न्यायचाच असेल तर दोन्ही बाजूंनी उघडी मूठ असलेला घ्या, म्हणजे आरपार पाणी मारता येतं. स्क्रू घरच्या पान्याने सुटतात का, ते पुण्यातच बघून ठेवा. माझ्या एका स्क्रूचं डोकं गंजून पान्यातच फिरलं. एच-१ नावाचं जपानी पोलाद आहे, त्यात कार्बनचं बरंच काम नायट्रोजन करतो आणि ते खाऱ्या पाण्यात जवळजवळ गंजतच नाही. किंमत मात्र चांगलीच बोचते. आणि पातं कितीही भारी असलं, तरी वाळू खटक्यात जायची ती जातेच.

मासेमारी संपली की लगेच गोड्या पाण्यात चाकू दहा-बारा वेळा उघडमीट करा. मुक्कामाच्या विहिरीचं पाणी आधी चाखून बघा, आमचं मचूळ निघालं. शेवटी पिण्याच्या पाण्याची बाटली वापरली. शेंगाळ्याचे तीन काटे, पाठीवरचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन, चाकूने काढू नका, पक्कड वापरा. ते विषारी असतात. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि डॉक्टरकडे जा.

तेलाचं राहिलं. मासा खायचा, त्यामुळे शिलाई मशीनचं तेल नको म्हणून मी गेल्या थंडीत खोबरेल लावलं होतं. पुण्याच्या डिसेंबरात ते थिजलं आणि चाकू उघडेनाच. आता औषधाच्या दुकानातून लिक्विड पॅराफिन आणलंय. थिजत नाही, खवट होत नाही, बिजागरीला दोन थेंब पुरतात. दुकानदाराने बाटली देताना आवाज खाली घेऊन सांगितलं, "झोपताना दोन चमचे, सकाळी मोकळं वाटेल." मागे चार माणसं उभी होती. मी बरं म्हटलं.