निकाल राहतो, मतं जातात

निवडणुकीचे आकडे शोधणारे आपल्याकडे भरपूर आहेत, कोण किती मतांनी आलं वगैरे, पण ती निवडणूक घेतली कशी याचे जुने सरकारी कागद वाचणारे फारच कमी. मला तर निकालापेक्षा तेच वाचायला जास्त मजा येते.

१९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक घ्या. तिची कागदपत्रं १९५१ पासून सुरू होत नाहीत, १९४७-४८ पासून होतात, म्हणजे राज्यघटना अजून मसुद्यातच होती आणि निवडणूक आयोग जन्मालाही आला नव्हता (तो आला २५ जानेवारी १९५० ला). तेव्हा संविधान सभेच्या सचिवालयाने प्रांतांना आणि संस्थानांना मतदार याद्यांच्या तयारीला लावलं होतं. अट होती १८० दिवस त्या ठिकाणी राहिल्याची. आता फाळणीत घरदार सोडून आलेला माणूस १८० दिवस कुठून दाखवणार? मग आसाम, बंगालकडून पत्रं सुरू, आमचं नाव घेत नाहीयेत, काय करायचं सांगा. शेवटी ठरलं की इथेच कायम राहणार एवढं निर्वासिताने लिहून दिलं तरी नाव घ्यायचं. हे सगळं त्या पत्रव्यवहारात आहे, आणि लोकांनी मत द्यायच्या आधी मतदार असण्यासाठी किती भांडण केलं ते निकालाच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

उलट बाजूही आहे. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या काळातला पहिल्या निवडणुकीचा अहवाल आयोगाने १९५५ मध्ये छापला, सरकारी अहवाल असूनही वाचनीय आहे. त्यात येतं की उत्तरेकडच्या बऱ्याच बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच सांगितलं, आणि सेनसाहेबांनी अशा नोंदी चालणार नाहीत म्हणून ठाम सांगितल्यावर साधारण २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या. पुढच्या वेळेला नावं यायला लागली, त्यामुळे निर्णय बरोबर होता असं म्हणतात. मला अजूनही पटत नाही पूर्ण. १७ कोटींवर मतदार होते हे खरं, पण २८ लाख म्हणजे काय थोड्या झाल्या?

बाकी सामानाची यादी तर बघण्यासारखी आहे, प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह, मतपत्रिका एक रुपयाच्या नोटेएवढी आणि छापलेली नाशिकच्या प्रेसमध्ये. शिक्का मारायची भानगड नाही, हव्या त्या पेटीत कागद टाकायचा, झालं. पण काही मतदारसंघ दोन जागांचे होते, तिथे माणशी दोन मतं आणि दोन्ही एकाच उमेदवाराला देता यायची नाहीत, दिली तर एकच धरणार. उत्तर मुंबईत डॉ. आंबेडकर हरले ती हीच निवडणूक, त्यात ७४ हजारांवर मतं बाद झाली आणि आंबेडकर आणि तिथेच हरलेले समाजवादी पक्षाचे अशोक मेहता दोघांनी निवडणूक याचिका केली. हारजीतीच्या गोष्टी सगळे सांगतात, पण ही दोन मतांची पद्धत कळल्याशिवाय तो निकाल कळतच नाही.

आता यातलं टिकतं काय? प्रत्यक्ष मतपत्रिका तर नाहीच. १९६१ च्या निवडणूक नियमांत ९४ नंबरचा नियम आहे, न वापरलेल्या मतपत्रिका सहा महिने, वापरलेल्यांची पाकिटं एक वर्ष, मग नष्ट, कोर्टाने किंवा आयोगाने थांबवलं तरच राहतात. आणि त्या वर्षभरातही ती पाकिटं कोर्टाच्या हुकमाशिवाय उघडायची नाहीत. हे मला योग्यच वाटतं, गुप्त मतदान म्हणायचं आणि कागद पन्नास वर्षं कपाटात ठेवायचे हे जमणार कसं.

माझी तक्रार वेगळी आहे. ज्यात कुणाचंच मत उघड होत नाही ते कागद तरी धड ठेवा ना. फॉर्म २० म्हणजे केंद्रनिहाय निकालाचा तक्ता, अलीकडच्या निवडणुकांचे वेबसाइटवर मिळतात पण कधी तिरके स्कॅन, कधी अंकच पुसट, सर्च तर विसराच. तसंच परिपत्रकं, तालुक्यांनी वर पाठवलेल्या शंका, त्यावरची उत्तरं. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याप्रमाणे केंद्राच्या कार्यालयांतलं पंचवीस वर्षांवरचं कायम ठेवण्यासारखं रेकॉर्ड राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जायला हवं, पण कायम ठेवण्यासारखं काय ते आधी ठरवतं ऑफिसच, आणि एखाद्या तहसीलदाराने मतपेट्या बैलगाडीने पाठवू का असं विचारलेलं पत्र कुणाला कायम ठेवण्यासारखं वाटणार! २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्याच १९६१ च्या नियमांतला नियम ९३ बदलून जनतेला बघता येणारे कागद नियमांत लिहिलेल्यांपुरतेच केले, त्यावर वाद झाला तो मतदान केंद्रांच्या सीसीटीव्ही फुटेजवर. या जुन्या पत्रांबद्दल तेव्हाही कुणी बोललं नाही.