पूर, टॅली आणि उधारीची वही : दुकानाचा हिशोब परत उभा करताना माझा अनुभव

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय, त्यामुळे ते परत सांगत नाही. आमचं हार्डवेअर आणि पेंटचं दुकान आहे, गल्ला आणि गिऱ्हाईक अण्णा (माझे सासरे) बघतात, हिशोब माझ्याकडे. कॉम्प्युटर पोटमाळ्यावर होता, भिंतीवर 2005 च्या पुराची खूण आहे तिच्या चांगला वर. यावेळी पाणी त्याच्याही वर गेलं, सीपीयू चिखलाने भरला, बॅकअपचा पेनड्राइव्ह गल्ल्यात होता तोही गेला.

पहिलं काम कुठलं निघालं माहितीये? सिमकार्ड! जीएसटी पोर्टल असो नाहीतर बँक, ओटीपी येणार अण्णांच्या मोबाईलवर आणि तो मोबाईल पाण्यात. नेटवर्क आल्यावर आधी डुप्लिकेट सिम काढलं, तोपर्यंत बाकी सगळं ठप्प.

हार्डडिस्क पुसून लावून बघू म्हणणारे खूप भेटले. लावू नका, भिजलेली डिस्क चालू केली की जे वाचायचं तेही जातं, आणि हेअर ड्रायर तर नकोच. आम्ही ती तशीच पिशवीत बंद करून पुण्याला रिकव्हरीवाल्याकडे पाठवली आणि तिच्या भरवशावर न राहता दुसरीकडून सुरुवात केली.

आमचे सीए रत्नागिरीला. वर्षअखेरीला त्यांना टॅलीचा (आमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर) बॅकअप मेल केलेला असतो, तो मिळाला म्हणजे 31 मार्चपर्यंतचा हिशोब जसाच्या तसा परत आला. राहिले एप्रिल ते 21 जुलै. खरेदीची बाजू सोपी गेली, कारण पुरवठादार त्यांचं रिटर्न भरतात तेव्हा आपली खरेदी पोर्टलवर जीएसटीआर-2ए मध्ये आपोआप दिसते. फक्त त्यात बिल नंबर, तारीख, रक्कम आणि टॅक्स एवढंच, कुठल्या कंपनीचे किती डबे ते नाही, त्यासाठी एकेका डीलरला फोन करून बिलांच्या पीडीएफ परत मागवल्या (सगळ्यांनी दिल्या, एकाने तर त्याच्याकडचं आमचं पूर्ण लेजर, म्हणजे खात्याचा उताराच पाठवला). जुलैची बिलं मात्र 11 ऑगस्टनंतर दिसायला लागली कारण मासिक रिटर्नची तारीखच ती.

विक्रीचं तसं नाही. आमचं रिटर्न तिमाही, जूनपर्यंतचं जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं रिटर्न, 13 जुलैच्या आत भरलेलं होतं म्हणून वाचलो, पण त्यातही जीएसटी नंबरवाल्या कॉन्ट्रॅक्टरांचीच बिलं एकेक दिसतात, किरकोळ गिऱ्हाईक सगळं एका आकड्यात. आणि जुलैचे तीन आठवडे कुठेच नाहीत. ते बँक स्टेटमेंट, यूपीआयची यादी आणि कॉन्ट्रॅक्टरांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेले बिलांचे फोटो, असं जुळवत जुळवत अंदाजाने उभं केलं.

आणि उधारी. ती सरकारकडे नाही, सीएकडे नाही, बँकेकडे नाही, ती फक्त अण्णांच्या वहीत. पेंटर, गवंडी, प्लंबर, वर्षानुवर्षांची खाती. वह्या पंख्याखाली वाळवायच्या तर वीज नाही, मग पानांमध्ये कोरे कागद घालून वाळवल्या. बॉलपेनने लिहिलेलं बरंचसं वाचता आलं, जेलपेनचं पसरलं होतं. काही जण स्वतःहून येऊन आकडा सांगून गेले, काहींना आठवलंच नाही, ते जाऊ दे.

इन्शुरन्सच्या सर्व्हेअरने नेमकं हेच सगळं मागितलं. त्यांचं गणित सरळ असतं, 31 मार्चचा स्टॉक, त्यात खरेदी मिळवायची, विक्रीतून नफा काढून ती वजा करायची, राहिला तो पुराच्या दिवशीचा माल. विक्री आम्ही अंदाजाने लावलेली, तिथेच कात्री लागली. वर आणखी एक, जो माल पाण्यात गेला त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) परत करावं लागतं, जीएसटी कायद्याचं कलम 17(5)(एच). पूरग्रस्ताला सगळ्यात जास्त झोंबणारा नियम हाच असावा असं माझं मत आहे.

हार्डडिस्कमधून पुढे थोडंफार निघालं पण टॅलीचा फोल्डर धड नव्हता.

आता कसं करते ते सांगते. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक गावाबाहेर, हा नियम सगळीकडे वाचायला मिळतो, पण गावाबाहेर म्हणजे नेमकं कुठे याचा विचार आपला आपणच करायचा. शेजारच्या खेर्डीत ठेवून उपयोग नाही, तिथेही पाणी होतं. माझं माहेर कोल्हापूर, त्याच आठवड्यात पंचगंगेने तिथे हायवे बंद पाडलेला! शेवटी दुसरी डिस्क दिरांकडे पुण्याला ठेवली, गणपतीला आणि शिमग्याला ते येतात तेव्हा बदलून नेतात. रोजचं म्हणजे टॅली बंद करून बॅकअप घ्यायचा, झिप करून तारखेच्या नावाने गुगल ड्राइव्हवर टाकायचा. चालू टॅलीचा डेटा फोल्डर थेट सिंकला लावू नका, अर्धवट फाईल वर जाते, आणि इथे काही उडालं किंवा व्हायरसने लॉक केलं तर वरच्या प्रतीचंही तेच होतं.

दर तिमाहीला रिटर्न भरून झालं की घरच्या लॅपटॉपवर तो बॅकअप रिस्टोर करून ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) जुळतोय का बघते. दोन्हीकडे टॅलीचं रिलीज (व्हर्जन) एकच ठेवा, नव्या रिलीजचा डेटा जुन्यात उघडत नाही. टॅलीचा सिरीयल नंबर, लायसन्सचा ईमेल, पॉलिसी नंबर, एजंटचा फोन हे एका कागदावर लिहून त्याची एक प्रत सीएंकडे दिलीय, पहिल्या दोन गोष्टी नव्या कॉम्प्युटरवर लायसन्स चालू करताना लागतात, बाकीच्या इन्शुरन्सच्या कामाला.

उधारीच्या वहीचा फोटो रोज दुकान बंद करताना घरच्या ग्रुपवर. अण्णा म्हणतात, "वही रोज बुडते की काय गो?" पण पान पुढे धरतात. ओटीपीचं मात्र अजून त्यांच्याच नंबरवर अडलंय. माझं नाव पोर्टलवर ऑथराइज्ड सिग्नेटरी (दुकानातर्फे सही करायचा अधिकार असलेली व्यक्ती) म्हणून घाला म्हणून कधीची मागे लागलेय, दिवाळीनंतर बघू म्हणालेत.