कार्बनचा हिशेब अडला तो मीटरच्या गुणकापाशी

संस्थेचा वार्षिक कार्बन हिशेब, म्हणजे वीज आणि इंधनापायी वर्षभरात किती कार्बन डायऑक्साइड सोडला त्याची मोजदाद, वह्यांमधून सॉफ्टवेअरवर आणला. इंधनाचा भाग झटपट उरकला. खरेदीची बिलं अकाउंटकडे होतीच. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, हा गुणाकार की झालं.

वैताग दिला विजेने. बिलातली युनिटं आणि आमच्या स्मार्ट मीटरची बेरीज यांत थेट चाळीस पटींचा फरक! वीज पुरवठादाराच्या कार्यालयाकडे मीटरचा गुणक, म्हणजे मीटरचा आकडा ज्याने गुणला की खरी युनिटं मिळतात ती संख्या, लेखी मागितला, तर उत्तरादाखल बिलाचीच प्रत आली. पुन्हा विचारलं, पुन्हा तीच प्रत. याचा राग अजून गेलेला नाही, कारण सगळा हिशेब त्या एका आकड्यावर खोळंबला होता.

मोठ्या जोडणीत सगळा प्रवाह मीटरमधून जात नाही. सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, तो कमी करून मीटरला देतो. सीटीवर २००/५ लिहिलं असेल तर गुणक ४०. काही मीटर हा गुणक आतच लावून आकडा देतात, काही देत नाहीत. सॉफ्टवेअरला हे आपणहून कळत नाही. दोन्हीकडे लावला तर वापर चाळीस पट फुगतो, कुठेच नाही लावला तर चाळिसावा हिस्साच दिसतो. उत्तर शेवटी त्याच बिलात सापडलं: चालू आणि मागील रीडिंगचा फरक काढा, त्याने बिलातल्या युनिटांना भागा, गुणक हातात. कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहूच नका. सीटीवरचा आकडा पाहायचा असेल तर पॅनेल मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच उघडून घ्या; भार चालू असताना सीटीची दुय्यम बाजू उघडी राहिली तर तिथे जीवघेणा व्होल्टेज तयार होतो.

दर पंधरा मिनिटांचं रीडिंग म्हणजे दिवसाला ९६ नोंदी. नेटवर्क गेलं की मधल्या नोंदी कोऱ्या राहतात आणि कित्येक सॉफ्टवेअर कोऱ्याला शून्य धरतात. म्हणून मीटरचा चढता एकूण आकडा घ्या. चार तास नोंद नसली तरी युनिटं हरवत नाहीत. बिलाचं चक्र महिन्याच्या मधेच तुटतं, तिथेही हाच आकडा कामी येतो.

मीटरचं घड्याळ स्थानिक वेळेवर आहे ना, तेही बघा, नाहीतर रात्रीचा भार दिवसा दिसेल. आणि खरी बचत रात्रीच दडलेली असते: कार्यालय बंद असताना १० किलोवॅट रोज १२ तास विनाकारण चालू राहिले, तर वर्षाला ४३,८०० युनिटं वाया. सगळा खटाटोप यासाठीच करायचा.

जीएचजी प्रोटोकॉल, म्हणजे हरितगृह वायूंच्या हिशेबाची आंतरराष्ट्रीय पद्धत, तिच्या २०१५च्या मार्गदर्शनानुसार, हरित वीज करारासारखे पर्याय उपलब्ध असतील तिथे विजेचे दोन आकडे द्यावे लागतात: एक ग्रिडच्या, म्हणजे सामायिक वीजजाळ्याच्या, सरासरी उत्सर्जनावर, दुसरा वीज खरेदीच्या करारावर. दोन्हींचे रकाने सुरुवातीलाच ठेवा.

सरकारी कार्यालय असेल तर निविदेतच लिहून घ्या की डेटा संस्थेच्या मालकीचा राहील आणि तो सीएसव्हीमध्ये, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, कधीही उतरवता येईल. सीटीच्या पाटीचा फोटोही मीटरच्या नोंदीला जोडा. सीटी बदलला तर तारीख टाका. नवा गुणक त्या तारखेपासूनच लागू करायचा, आधीच्या महिन्यांना नाही.