तळघरातला उभा पाइप

पुण्याच्या घरी वॉशिंग मशीनची नळी मोरीच्या जाळीवर नुसती टाकलेली असे, त्यामुळे निचरा मंदावला की लादीवर साचलेले पाणी लगेच दिसे. न्यू जर्सीतील आमच्या जुन्या घरात मशीन तळघरात आहे आणि तिची नळी भिंतीलगतच्या उभ्या पाइपात वरून अडकवलेली आहे. त्याला इथे स्टँडपाइप म्हणतात. आत काय साचते आहे, हे त्यात कधीच दिसत नाही. गेल्या जानेवारीत एका सकाळी त्याच्या तोंडातून फेसाळ पाणी उसळले आणि तळघरभर पसरले.

मशीनचा पंप पाणी जोराने बाहेर टाकत होता, म्हणजे दोष पाइपातच होता. मी पुन्हा पाणी सोडून घड्याळ पाहिले, तेव्हा सुमारे २० सेकंद सारे सुरळीत चालले आणि मग पातळी चढू लागली. अडथळा पाइपाच्या तळाच्या वळणात असता, तर पाणी जवळजवळ लगेच वर आले असते. ते उशिरा आले, त्याअर्थी आधी पुढचा पाइप भरत होता आणि तुंबले होते ते त्याच्याही पलीकडे. त्याच वेळी वर स्वयंपाकघरातील सिंक गुडगुडत होते, पण संडास आणि न्हाणीघर ठीक होते, म्हणून घराची मुख्य वाहिनी मोकळी असल्याची खात्री पटली. (सर्वांत खालच्या मजल्यावरील संडासातही पाणी चढत असेल, तर घरातील सगळे नळ तत्काळ बंद ठेवावेत.)

सिंक आणि मशीन यांचा पाइप पुढे एकच होतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. आपल्या स्वयंपाकातले तूप आणि फोडणीचे तेल गरम पाण्याबरोबर सहज वाहून जाते, पण तळघरातल्या थंड पाइपात पोहोचताच थिजते; त्यावर कपड्यांचे तंतू आणि साबणाचा साका चिकटत राहतो. आमचा पाइप दीड इंची, लोखंडी आणि आतून गंजाने अरुंद झालेला. आता अशा पाइपासाठी दोन इंच व्यास लागतो.

पाइप साफ करणारे तीव्र रसायन मी ओतले नाही, कारण तुंबलेल्या पाइपात ते तसेच साचून राहते आणि पाइप उघडणाऱ्याच्या हातातोंडावर उडते. रात्रभर पाणी न वापरता सकाळी बादली ठेवून तपासणीचे झाकण उघडले आणि स्नेक नावाची लवचीक तार फिरवत आत सरकवली. साधारण १५ फुटांवर ती अडली. बाहेर आला तो काळपट, तेलकट गोळा.

नळी परत बसवताना तिच्याभोवतीची फट चिकटपट्टीने बंद करण्याचा मोह टाळावा. तिथून हवा आत गेली नाही, तर मशीनमधले पाणी आपोआप ओढले जाऊ शकते. वसंत ऋतूत तेवढा पाइप बदलून दोन इंची बसवायचा आहे. तोवर तेलकट भांडी आम्ही आधी कागदाने पुसतो आणि मशीन पाणी सोडते तेव्हा मी तळघरात उभी असते.