तुम्ही विचारलंत म्हणून: मी भुताचे सिनेमे का पाहते

"मॅडम, तुम्हाला भीती नाही वाटत?" वाटते हो. वाटते म्हणूनच तर पाहते. न घाबरवणारा भुताचा सिनेमा म्हणजे पैसे पाण्यात.

स्टाफरूममध्ये मी हे हसण्यावारी नेते. फारच कुणी लावून धरलं तर भरतमुनींना पुढे करते: आठ रसांत त्यांनी भयानकही मोजलाय, शृंगाराच्याच पंगतीत. मराठीच्या बाईंनी असं म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही. पण ते उत्तर नव्हे, हे मलाही कळतं.

आमचं गाव यावल तालुक्यातलं. मोटारीची लाईट रात्री यायची, म्हणून आप्पा बॅटरी अन् काठी घेऊन केळीत पाणी द्यायला जायचे. केळीचं वाळकं पान खोडालगत लोंबतं, अंधारात मानेला घासलं की कुणी हात फिरवल्यासारखं वाटतं. एका गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर आणला होता, त्यावर रामसेंचा १९८४ चा 'पुराना मंदिर' लागला, सामरी नावाच्या सैतानाचा. पोरं आयांच्या पदरात. मी डोळे फाडून. आप्पा म्हणाले, "हा सामरी एक रात आपल्या केळीत आला तं तोच पयीन."

बरीच वर्षं मी सांगत आले की सिनेमा म्हणजे भीतीचा सराव, खरी भीती आली की कामी येतो. आता ते माझ्याच तोंडून ऐकवत नाही.

मे २०२१. आप्पा जळगावला एका दवाखान्यात, ऑक्सिजनवर. आम्ही नातेवाईक बाहेर निंबाखाली सतरंज्या टाकून. रात्रीचे दोन वाजले तरी फरशी तापलेली. दार उघडून वॉर्डबॉय नाव पुकारायचा. कधी औषधाच्या चिठ्ठीसाठी, कधी दुसऱ्या कामासाठी. कोणत्या, ते त्याच्या आवाजावरून कळत नसे. मी मोबाईलवर भुताचा सिनेमा लावला होता. एका कानात इयरफोन, दुसरा कान दाराकडे.

सिनेमातली बाई माडीवरचं दार ढकलत होती अन् तेवढ्यात वॉर्डचं दार उघडलं. मी दचकले, मोबाईल हातातून पडला. त्याने नाव घेतलं. आमचं नव्हतं. पलीकडच्या सतरंजीवरचा एक पोरगा उठला, चप्पल शोधायला लागला, एकच सापडत होती.

आणि मला हायसं वाटलं. अगदी तसंच, जसं सिनेमात माळ्यावर खुडबुड होते अन् शेवटी मांजर निघतं तेव्हा वाटतं. पुढचं सांगायला मला चार वर्षं लागली: मी मोबाईल उचलला आणि सिनेमा पुढे पाहिला. मजा आली.

पडल्याच्या आवाजाने आत्या जागी झाली होती. स्क्रीन बघून म्हणाली, "बाप आत, अन् तू हे पाहती? तुले काही वाटत नही का व?" दुपारपर्यंत गोष्ट गावात. "वेळ जात नव्हता" असं मी तेव्हा म्हटलं, ते खोटं होतं. तिसऱ्या दिवशी नाव आमचं पुकारलं. त्याच आवाजात. सराव कामी आला नाही.

भाच्याने मागे एक अभ्यास पाठवला होता: कोरोनाच्या सुरुवातीला भयपटांचे शौकीन इतरांपेक्षा मनाने जास्त तगून राहिले म्हणे. त्याला वाटलं, मावशीची बाजू सावरली. असतीलही तगलेले. मी तगले की नुसती पाहत बसले, हे कोण मोजणार? शिवाय व्हीसीआरसमोरच्या त्या पोरीला कसलं दुःख होतं, तिला का आवडायचं? बाप रात्री केळीत असायचा म्हणून, असं म्हणता येईल. पण भावाचा बापही तोच, आणि तो अजून सिनेमात भूत दिसलं की उठून पाणी प्यायला जातो.

आत्या अजून बोलते माझ्याशी, त्या रात्रीचं सोडून. मीही कधी विषय काढला नाही. तिचं चुकलं असं मला वाटत नाही, आणि मी सिनेमे सोडलेलेही नाहीत.

पाहते मात्र एकाच इयरफोनवर. परवा घरी कुणी नव्हतं, म्हणून दुसराही लावून बघितला. दहा मिनिटांत काढला.