विगस्योचे बंकर: पाहताना आणि टिपताना

डेन्मार्कच्या वायव्य किनाऱ्यावर हान्सथोल्म आणि विगस्यो ही दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन बंकरांची ठिकाणं जवळजवळ आहेत. दोन्ही एका दिवसात होतात, पण आधी हान्सथोल्म पाहा, असं मी आग्रहाने सांगेन. १९४० मध्ये डेन्मार्क व्यापल्यावर जर्मनांनी इथे ३८ सेंटिमीटर व्यासाच्या नळीच्या चार तोफा बसवल्या. हलका गोळा ५५ किलोमीटरपर्यंत जाई. पलीकडे नॉर्वेत क्रिस्टियानसानजवळ तशाच तोफा होत्या आणि मधल्या पाण्यात सुरुंग पेरून स्कागेराक सामुद्रधुनीची वाट अडवली होती. इथल्या एका तोफेचा बंकर आता संग्रहालय आहे. आतल्या खोल्या फिरून पाहिल्या की विगस्योच्या अवशेषांतलं दार कुठलं, छत कुठलं, हे कळू लागतं.

विगस्योचे बंकर मुळात किनाऱ्यावरच्या जमिनीत बांधलेले. समुद्राने ती जमीन खाल्ली आणि दोन-दोन मीटर जाडीच्या भिंती खाली घसरल्या. आज ते लाटांत कलंडून पडलेत, काही जवळजवळ उलटे. अजस्र काँक्रीट आणि त्याच्या पायाखालून निघून गेलेली वाळू, हेच इथलं खरं चित्र आहे. म्हणून फक्त बंकर चौकटीत भरू नका. मागचा कडा आणि पाण्याची रेघही घ्या.

भरती-ओहोटीचा फरक इथे थोडाच असतो. पाणी किती वर येईल ते वारा ठरवतो, तेव्हा वाऱ्याचा अंदाज पाहूनच निघा. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे झुकून मावळतो आणि संधिप्रकाश बराच वेळ रेंगाळतो. तिरप्या उजेडात काँक्रीट ओततानाच्या लाकडी फळ्यांचे त्यावरचे ठसे उठून दिसतात. लाटा धूसर हव्या असतील तर ट्रायपॉड आणि एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी काच) लागतोच. ट्रायपॉडचे पाय वाळूत घट्ट रोवा, नाहीतर परतणारी लाट ते हलवते. खारे तुषार लेन्सवर सुकू देऊ नका. कोरडं कापड घासण्याआधी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने मीठ टिपून घ्या.

शेवाळलेल्या छतांवर चढायचा मोह मात्र आवरा. काँक्रीटमधून गंजक्या सळया बाहेर आल्यात आणि काही पाण्याखाली असल्याने दिसतही नाहीत. कलंडलेल्या बंकरच्या आत शिरू नका. दारातून टॉर्च मारूनही चांगला फोटो मिळतो. वाळूत तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता दूर व्हा आणि ११२ ला फोन करा.