नाक पळतं कसं?

"मावशी, रन म्हणजे पळणे ना? मग नाक कसं पळतं?"

भाची दुसरीत आहे. 'माय नोज इज रनिंग' या वाक्याखाली तिने वहीत दोन पाय फुटलेलं नाक काढलं होतं. पायांत बूट, तेही नाड्यांसकट!

अगं, नाक वाहतं, मी म्हटलं. आणि मशीन? ते चालतं. दुकान? ते चालवतात. धुताना कपड्याचा रंग? तो जातो. तिकडे एकटं रन, इकडे माझी क्रियापदं शोधताना दमछाक.

मग जरा वाचलं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत जास्त अर्थांचा मान 'सेट'कडे होता, क्रियापदाचे ४३० अर्थ. पुढे कोशाच्या उजळणीत 'रन' ६४५वर गेलं. पळणारंच ते, मागे कसं राहील?

काय ही भाषा, असं म्हणणारच होते, तेवढ्यात आतून ताईचा आवाज : "अजून किती वेळ लागणार? भूक लागली असेल तिला. आणि दाराला कडी लागली का बघ."

भाचीने वहीतून मान वर केली.

"मावशी, लागतं म्हणजे दुखतं ना?"